मामाच्या नऊ गाड्या, निळे डबे आणि मूर्तिजापूरची हमाली

हे या भागाचं लेखी रूप, नेहमीसारखंच. बोलताना जे "अं... म्हणजे बघा" झालं ते काढलंय, दोन-तीन ठिकाणी वाक्यं सरळ केलीत, बाकी जसं बोललो तसं. इअरफोन हरवलेल्यांनी आणि लेक्चरमध्ये मागच्या बाकावर बसलेल्यांनी खुशाल वाचा.

तर आजची गोष्ट मामापासून सुरू होते. माझा मामा धामणगाव रेल्वेला राहतो. त्याच्याकडे नऊ गाड्या आहेत. पाच शाळेच्या व्हॅन, चार यवतमाळ रोडवर भाड्याने फिरणाऱ्या. तीन वर्षांपूर्वी एका कंपनीचा माणूस आला आणि मामाने नऊच्या नऊ गाड्यांना जीपीएसचे डबे बसवून घेतले. निळ्या प्लास्टिकचे, साबणाच्या वडीएवढे. मोबाईलवर अ‍ॅप, अ‍ॅपमध्ये नकाशा, नकाशावर नऊ ठिपके सरकतायत. पोरांच्या आयांनाही लिंक दिली होती. मामा खूश, आया खूश.

मग एका ऑगस्टमध्ये नकाशा उघडेना. कंपनीचा फोन लागेना. दोन दिवसांनी कळलं की ती कंपनीच गुंडाळली, सर्व्हर बंद. डबे ठणठणीत होते बरं का! त्यातला दिवा लुकलुकत होता, सिमकार्डाचे पैसे भरलेले होते. फक्त ते ज्या पत्त्यावर माहिती पाठवत होते, त्या पत्त्यावर आता कोणी राहत नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात पाऊस झाला. एक व्हॅन नाल्याच्या पलीकडे अडकली, आत अकरा पोरं, ड्रायव्हरच्या फोनला रेंज नाही. दीड तास. मामाच्या दारात सगळ्या आया उभ्या, आणि मामाच्या हातात तो फोन, त्यावर कोरा नकाशा. पोरं सुखरूप आली, ड्रायव्हर शहाणा होता, त्याने पाण्यात गाडी घातली नाही. पण मामा तो दीड तास विसरला नाही. पुढचं आख्खं वर्ष त्याने फोनाफोनीवर काढलं. यंदा विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात त्याआधी नवीन डबे घ्यायचेच म्हणून त्याने मला फोन केला.

"काऊन रे, तू तर इंजिनेर आहेस ना? मले फक्त एवढं सांग, कोनता डबा घेऊ?"

"मामा, पाहून सांगतो."

"पाहून काय सांगतं! तिघं जन येऊन गेले. तिघाईचा डबा सारखाच दिसते मले. एकाचा सस्ता हाय, एकाचं अ‍ॅप मस्त हाय, आन एक म्हनते आमचा पुन्यात चालते."

मी सॉफ्टवेअरवाला आहे खरा, पण हे ठरवायला मला सॉफ्टवेअरपेक्षा इतिहास जास्त कामी आला. आणि तो इतिहास मामाच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर आहे. स्टेशनवर.

आधी गावाच्या नावाचं बघू. बाहेरगावच्या मित्रांना "धामणगाव रेल्वे" म्हटलं की हसतात. गावाच्या नावात रेल्वे? पण आमच्याकडे धामणगाव काही एकच नाही. अचलपूरकडे धामणगाव गढी आहे, बुलढाण्यात धामणगाव बढे आहे. तसंच चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार. गाडी आली आणि गावाला आडनाव लागलं. तुम्ही एकाच घरात दोन फोन "रेडमी" नावाने ब्लूटूथला जोडून बघा, मग कळेल की वेगळं नाव असणं किती गरजेचं असतं. रेल्वेने तर आणखी पुढे जाऊन प्रत्येक स्टेशनला तारेवर चटकन पाठवता येईल असं छोटं नाव दिलं. धामणगाव म्हणजे डीएमएन. तुम्ही तिकीट काढताना अ‍ॅपमध्ये तेच टाकता.

मुंबई-ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ची, ते सगळ्यांना पाठ आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा, म्हणजे जीआयपीचा, तोच रूळ वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोचला. घाई कशाची होती? कापसाची. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि अख्ख्या लँकेशायरचं लक्ष वऱ्हाडावर आलं. धामणगाव हे त्या रुळावरचं यवतमाळला जवळचं स्टेशन. यवतमाळ इथून पंचेचाळीसेक किलोमीटर. त्या भागातला कापूस बैलगाड्यांच्या रांगा लावून धामणगावला यायचा. मामाच्या चार गाड्या आज ज्या रस्त्यावर फिरतात, तोच हा रस्ता.

आता रुळाबरोबर काय आलं? तार. लोकांना वाटतं तार म्हणजे "आजी सिरियस, निघून या" पाठवायचं यंत्र. रेल्वेसाठी ती त्याहून मोठी गोष्ट होती. गाडी वाफेवर धावते खरी, पण दोन गाड्या एकमेकींवर आदळत नाहीत त्या तारेमुळे. धामणगावच्या मास्तरला गाडी पुढे सोडायची असेल तर पुढच्या स्टेशनचा मास्तर "माझ्याकडे रस्ता मोकळा आहे" असं म्हणेपर्यंत त्याने थांबायचं. याला लाईन क्लिअर म्हणतात, आणि आमच्याकडे म्हातारी माणसं अजून लग्नाचं जमलं की "लाईन क्लिअर झाली" म्हणतात ते इथूनच.

सुरुवातीला हे नुसत्या निरोपावर चालायचं. निरोपात माणूस चुकतो. म्हणून पुढे ब्लॉक इन्स्ट्रुमेंट आलं. दोन स्टेशनांवर दोन पेट्या, मध्ये तार. दुहेरी मार्गाच्या पेटीवर एक मूठ असते, तिच्या तीन अवस्था: लाईन बंद, लाईन क्लिअर, गाडी लाईनवर. बाजूला घंटी. एक टोला म्हणजे "लक्ष द्या, फोन घ्या". गंमत अशी की माझ्या पेटीवर "क्लिअर" मी स्वतः आणू शकत नाही, ते समोरचा मास्तरच देतो. आणि ते आल्याशिवाय गाडीला स्टेशनाबाहेर सोडणारा माझा शेवटचा सिग्नल खाली पडतच नाही. एकेरी मार्गावर तर पेटीतून लोखंडी गोळा निघायचा, तो गोळा ड्रायव्हरच्या हातात असेल तरच गाडी हलणार. एक गोळा बाहेर असताना दुसरा कुठल्याच टोकाला निघत नाही.

मंडळी, हे "कनेक्टेड डिव्हाइस" नाही तर काय आहे? दोन उपकरणं, मध्ये नेटवर्क, आणि एकाची परवानगी असल्याशिवाय दुसरं चालत नाही. यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तार तुटली तर काय होतं ते. तार तुटली की सिग्नल लालच राहतो. बिघाड झाला की यंत्रणा "थांबा" म्हणते. मामाचा नकाशा बिघडला तेव्हा तो काहीच म्हणाला नाही. नुसता कोरा झाला.

बरं, आता मुख्य मुद्द्याकडे येतो. रुळांमधलं अंतर.

ऐकायला कंटाळवाणं वाटेल, पण दम धरा. १८५० च्या सुमाराला भारतात रेल्वे कोणत्या गेजची असावी यावर मोठा खल झाला. इंग्लंडात तेव्हा वेगवेगळ्या कंपन्यांचे वेगवेगळे गेज होते. जिथे दोन गेज भेटायचे तिथे सगळा माल एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरायचा. भांडणं इतकी विकोपाला गेली की १८४६ मध्ये पार्लमेंटला कायदा करावा लागला. तो तमाशा पाहिलेला गव्हर्नर जनरल डलहौसी म्हणाला की इथे पहिल्या दिवसापासून एकच गेज ठेवू. लंडनच्या संचालकांना इंग्लंडातलाच चार फूट साडेआठ इंच हवा होता, डलहौसीला सहा फूट, शेवटी ठरलं साडेपाच फूट. आपलं ब्रॉडगेज. डलहौसीबद्दल तुमचं-माझं मत काही असो, नागपूर-भोसल्यांचं राज्य खालसा करणारा हाच, पण हा एक निर्णय त्याने नीट घेतला.

आणि वीस वर्षांत तो मोडला गेला. कोणी मोडला? लॉर्ड मेयोने. आता यात वऱ्हाडाचा भाग ऐका. १८७० मध्ये हाच मेयो खामगावला आला होता, जलंब ते खामगाव ही फाट्याची रेल्वे सुरू करायला. तेरा किलोमीटरची चिमुकली लाईन, पण ब्रॉडगेज. म्हणजे खामगावच्या बाजारात भरलेला डबा न उघडता थेट मुंबई बंदरात. पाठोपाठ १८७१ मध्ये बडनेरा-अमरावती, तीही ब्रॉडगेज. या दोन फाट्यांचा वऱ्हाडाला काय फायदा झाला ते वेगळं सांगायला नको, अमरावतीची कापूस बाजारपेठ साऱ्या जगाला माहीत झाली.

पण त्याच सुमाराला मेयोच्या सरकारने ठरवलं की ब्रॉडगेज महाग पडतं, यापुढे दुय्यम मार्ग स्वस्तातल्या अरुंद गेजचे करू. किती अरुंद? एक मीटर. मीटरच का? कारण तेव्हा असं वाटत होतं की भारतात लवकरच मेट्रिक मापं येणार. (इथे मी रेकॉर्डिंगमध्ये हसलोय.) मेट्रिक मापं यायला स्वातंत्र्यानंतरचं १९५० चं दशक उजाडावं लागलं. तोवर हजारो मैल मीटरगेज टाकून झालं होतं. "येत्या काळात सगळे हेच वापरणार आहेत साहेब" हे वाक्य तुम्हाला कोणी डबा विकताना म्हणालं, तर मेयोची आठवण काढा.

याचा पहिला फटका नागपूरलाच बसला. नागपूरहून छत्तीसगडकडे राजनांदगावपर्यंत १८८० च्या आसपास लाईन टाकली ती मीटरगेज. म्हणजे मुंबईहून आलेली ब्रॉडगेज नागपूरला संपणार आणि पुढे मीटरगेज. छत्तीसगडचं धान्य नागपूरला उतरवा, चढवा. दहा वर्षंही धड झाली नाहीत तोच बंगाल नागपूर रेल्वे ही नवी कंपनी निघाली, तिने ती लाईन उखडून ब्रॉडगेज केली आणि १८९१ मध्ये नागपूर आसनसोलला जोडलं. आज धामणगावच्या फलाटावरून हावड्याची गाडी धडधडत जाते ती त्या दुरुस्तीमुळे.

पण सगळ्यांची दुरुस्ती इतक्या लवकर झाली नाही.

शकुंतला. नाव ऐकलं नसेल असा वऱ्हाडी माणूस विरळा. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर आणि मूर्तिजापूर ते अचलपूर ७६ किलोमीटर. नॅरोगेज, अडीच फूट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला किलिक निक्सन या मुंबईतल्या ब्रिटिश पेढीने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढून ही लाईन टाकली. हेतू तोच, कापूस. यवतमाळचा कापूस बैलगाडीने धामणगावला नेण्याऐवजी आता थेट आगगाडीत. आमच्या शेजारी वर्धा नदीपलीकडे पुलगाव-आर्वी हीसुद्धा अशीच अडीच फुटी.

लहानपणी शकुंतलेचं कौतुकच ऐकलं होतं. हात दाखवला की थांबते, बाभळीच्या सावलीत उभी राहते, गार्डच उतरून फाटक लावतो. सगळं खरं आहे. पण मामाच्या आजोबांच्या काळातली एक आठवण आमच्या घरात सांगतात, आणि ती मूर्तिजापूरच्या हमालीची आहे. नॅरोगेजचा डबा मूर्तिजापूरला पोचला की त्यातल्या रुईच्या गाठी पाठीवर घेऊन शेजारच्या ब्रॉडगेज डब्यात टाकायच्या. पावसाळ्यात गाठ भिजली की भाव पडला. ज्याचा कापूस असेल त्याला हमालीचे पैसे, वेळ आणि नुकसान, तिन्ही सोसायचं. खामगावच्या व्यापाऱ्याला हे नव्हतं, यवतमाळच्या व्यापाऱ्याला होतं, कारण कोणीतरी कधीतरी लाईन टाकताना पैसे वाचवले होते. आणि ते पैसे टाकणाऱ्याचे वाचले, वापरणाऱ्याचे नाही. हे वाक्य मी मामाला फोनवर सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

शकुंतलेचा दुसरा घोळ मालकीचा. स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या, ही तेवढी राहून गेली. रूळ कंपनीचे, गाडी चालवणार मध्य रेल्वे, आणि करारापोटी कंपनीला मोबदला. दर वर्षी एक व्हॉट्सअ‍ॅप फिरतं, "आपण अजून इंग्रजांना भाडं देतो!" बघा, ते जरा तिखटमीठ लावलेलं आहे. किलिक निक्सन ही पेढी कित्येक दशकांपूर्वीच भारतीयांच्या हातात आली. खरा मुद्दा इंग्रज की भारतीय हा नाहीच. रूळ एकाचे आणि गाडी दुसऱ्याची, त्यामुळे रुळांवर खर्च कोणी करायचा हे कधी सुटलंच नाही. १९२० च्या दशकात मँचेस्टरहून आलेलं वाफेचं इंजिन एप्रिल १९९४ पर्यंत चालत राहिलं, मग डिझेल आलं. वेग ताशी वीसेक किलोमीटर. शेवटी गाडी थांबली ती थांबलीच. ब्रॉडगेज करा म्हणून अचलपूरपासून यवतमाळपर्यंत लोक आंदोलनं करत राहिले. यवतमाळला ब्रॉडगेज आता दुसऱ्याच वाटेने येतंय, वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गाने, त्यातला वर्धा ते कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. शकुंतलेच्या रुळांवरून नाही, नवी जमीन, नवे पूल.

म्हणजे बघा. मामाचे डबे ठणठणीत होते आणि निरुपयोगी होते. शकुंतलेचे रूळही बरीच वर्षं तसेच होते.

इथे कोणी म्हणेल की भाऊ, गेज आणि जीपीएस यांची तुलना कशी होईल? मग आपल्या काळातलं उदाहरण घेऊ, तेही रेल्वेचंच आणि अर्धं महाराष्ट्राचं.

कोकण रेल्वेने २००० च्या आसपास एक उपकरण बनवलं, अँटी कोलिजन डिव्हाइस. कोकण रेल्वेचे प्रमुख राहिलेले बी. राजाराम यांच्या डोक्यातून निघालेलं. इंजिनात डबा, स्टेशनात डबा, जीपीएसवरून आपण कुठे आहोत ते ओळखायचं, रेडिओवर एकमेकांशी बोलायचं, टक्कर होणार असं वाटलं की आपोआप ब्रेक. त्या काळाच्या मानाने भन्नाट! ईशान्य सीमा रेल्वेवर ते मोठ्या प्रमाणात लावूनही पाहिलं. अडचण कुठे आली? जीपीएसला तुम्ही चौकात आहात हे कळतं, पण शेजारशेजारच्या दोन रुळांपैकी कोणत्या रुळावर आहात हे खात्रीने कळत नाही. रुळारुळांत अंतर चार-पाच मीटर. कोकणातल्या एकेरी मार्गावर हा प्रश्न फारसा येत नाही, पण धामणगावसारख्या ठिकाणी, जिथे अप, डाऊन आणि बाजूला मालगाडीची लूप लाईन आहे, तिथे फलाटावर उभी गाडी आणि बाजूने सुसाट जाणारी गाडी यांत गल्लत झाली तर उगाच ब्रेक लागणार, किंवा हवा तेव्हा लागणार नाही.

मग रेल्वेने दुसरी वाट धरली. आज जिला कवच म्हणतात ती. लखनौची आरडीएसओ, म्हणजे रेल्वेची संशोधन संस्था, तिने यंत्र बनवण्याआधी यंत्र कसं असावं हे लिहून काढलं. रुळांमध्ये ठरावीक अंतरावर आरएफआयडी टॅग बसवायचे, इंजिन त्यावरून गेलं की तो टॅग सांगतो की तू अमुक रुळावर अमुक ठिकाणी आहेस. २०१६ मध्ये प्रवासी गाड्यांवर चाचण्या झाल्या, २०२० मध्ये ती राष्ट्रीय यंत्रणा म्हणून स्वीकारली, २०२४ मध्ये ४.० ही आवृत्ती मंजूर झाली. दक्षिण मध्य रेल्वेवर १४६५ किलोमीटर पहिल्या टप्प्यात झालं.

माझ्यासारख्याला यातली भारी वाटणारी गोष्ट टॅगची नाही. कवच बनवणाऱ्या कंपन्या एकाहून जास्त आहेत, आणि अट अशी की एका कंपनीच्या इंजिनातला डबा दुसऱ्या कंपनीच्या स्टेशनातल्या डब्याशी बोललाच पाहिजे. उद्या त्यातली एखादी बंद पडली तरी रूळ ओस पडणार नाहीत. कवचाचं काम संथ चाललंय यावर टीका होते आणि ती बरोबरच आहे. देशभरात मार्ग किती आणि झालाय किती ते पाहिलं की जीव खालीवर होतो. पण संथ आणि आंधळ्या गल्लीत शिरलेलं, यात फरक आहे.

असाच शहाणपणा टोलनाक्यावर झाला, पटकन सांगतो. फास्टॅग. प्रत्येक महामार्ग बांधणारा आपापली वेगळी यंत्रणा आणेल आणि गाडीच्या काचेवर पाच स्टिकर लागतील अशी भीती होती. २०१० मध्ये नंदन नीलेकणींच्या समितीने सांगितलं की साधा, बॅटरी नसलेला आरएफआयडी टॅग घ्या आणि देशभर एकच ठेवा. टॅग कोणत्याही बँकेचा, नाका कोणाचाही. फेब्रुवारी २०२१ पासून तो सक्तीचा झाला. धामणगाव तालुक्यातून समृद्धी महामार्ग जातो. त्यावर चढताना आणि उतरताना तोच टॅग वाचला जातो, जो कोल्हापूरच्या नाक्यावरही चालतो. रांगा लागतात, पैसे दोनदा कापले म्हणून लोक ओरडतात, ते सगळं मान्य. पण काचेवर स्टिकर एकच आहे.

आणि तुमच्या फोनमध्ये जे आहे ते तर मी विसरतच होतो. फलाटावर उभे राहून "महाराष्ट्र एक्स्प्रेस कुठवर आली" हे बघता ना? पूर्वी स्टेशनमास्तर वेळ कळवायचा तेव्हा ती पुढे जायची. आता अनेक इंजिनांत इस्रोच्या मदतीने बनवलेलं उपकरण आहे, ते दर तीस सेकंदांनी आपला ठावठिकाणा पाठवतं. आणि "व्हेअर इज माय ट्रेन" हे अ‍ॅप, जे २०१८ मध्ये गुगलने विकत घेतलं, ते तर गाडीत बसलेल्याच्या फोनला कोणता मोबाईल टॉवर दिसतोय त्यावरून अंदाज बांधतं. इंटरनेट नसलं तरी चालतं. जीपीएसच हवा असा हट्ट नाही, आहे ते नेटवर्क वापरलं. तळेगाव-दिघीच्या मधल्या शिवारात रेंजची काय अवस्था असते हे ज्याला माहीत आहे त्याला यातलं शहाणपण कळेल.

हे सगळं पाहून मी मामाकडे गेलो. मे महिना, चव्वेचाळीस अंश, मामीने पन्हं दिलं. मी म्हटलं मामा, डबा बघूच नका, आधी काही गोष्टी विचारा.

गाड्यांसाठीही एक लिहून ठेवलेलं माप आहे. एआयएस १४० म्हणतात. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेशी जोडलेलं मानक. २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना त्यात बसणारं उपकरण आणि धोक्याचं बटण लागतं. त्यात असं आहे की डब्याने एकाहून जास्त पत्त्यांवर माहिती पाठवता आली पाहिजे. म्हणजे कंपनीचा सर्व्हर मेला तरी दुसरा पत्ता असू शकतो. माहिती कोणत्या स्वरूपात जाते तेही ठरलेलं आहे, त्यामुळे दुसऱ्याचं सॉफ्टवेअर ती वाचू शकतं. आणि रेंज गेली तर डब्याने नोंदी साठवून ठेवायच्या, रेंज आली की पाठवायच्या. नाल्यापलीकडच्या त्या दीड तासात याने व्हॅन लगेच दिसली नसती, हे मी मामाला स्पष्ट सांगितलं. रेंज नसेल तर कोणताच डबा जादू करत नाही. पण शेवटची जागा नकाशावर राहिली असती, "साडेचारला नाल्याअलीकडे" एवढं आयांना सांगता आलं असतं.

मामाने वहीत लिहून घेतलं. त्याच्या भाषेत. "तुमचं दुकान बंद झालं त माया डबा कोनासंग बोलन? सिम कोनाच्या नावावर? दुसरा पत्ता मले टाकता येते का नाही? टू-जीवाला हाय का फोर-जीवाला?" शेवटचा प्रश्न त्याचा स्वतःचा, मला सुचला नव्हता. टू-जी नेटवर्क हळूहळू आटत चाललंय हे त्याला रिचार्जच्या दुकानदाराने सांगितलं होतं.

मग त्याने तिघांना एकेक करून बोलावलं. स्वस्तवाला दुसऱ्या पत्त्याच्या प्रश्नावर "त्याची काही गरज पडत नाही काका" म्हणाला. मामा म्हणे, "गरज पडली व्हती बापा, मागच्या वर्सी." चांगल्या अ‍ॅपवाल्याने खरं सांगितलं की त्याचा डबा फक्त त्याच्याच अ‍ॅपशी बोलतो, आणि अ‍ॅप खरंच सुंदर आहे, मला मोह झाला होता. मी म्हटलंही, "मामा, दिसायला हेच बरं आहे." मामा म्हणाला, "शकुंतलाबी दिसाले बरीच होती."

पुण्यात चालणारावाला जास्त पैसे मागतोय. पण त्याने दुसरा पत्ता टाकून दाखवला, माझ्या लॅपटॉपवर, आमच्यासमोर. सिम मामाच्या नावावर द्यायला तयार आहे. लेखी देताना जरा कुरकुरला, दोन दिवस वेळ मागितला. सध्या यवतमाळ रोडच्या दोन गाड्यांना त्याचे डबे परीक्षेवर लावलेत. घासाघीस चालू आहे, मामा त्यात मुरलेला आहे, त्यामुळे तिथे मी तोंड घालत नाही.

एक शेवटचं. अमरावतीचं नाव स्मार्ट सिटीच्या सुरुवातीच्या यादीत होतं, शेवटच्या शंभरात आलं नाही. महाराष्ट्रातली आठ शहरं झाली, नागपूर त्यात आहे. धामणगावसारख्या गावाचा तर प्रश्नच नव्हता. त्यामुळे इथे कोणी सल्लागार कंपनी येऊन अहवाल देणार नाही. गावातल्या गाड्यांना कोणता डबा लागेल हे माझा मामा आणि त्याच्यासारखे पाच-सहा गाडीवाले ठरवणार आहेत, पन्हं पिता पिता. मामाने तर बाकीच्यांनाही वही दाखवायला सुरुवात केली आहे. सगळ्यांनी एकाच मापाचे डबे घेतले तर एक गाडी बिघडल्यावर दुसऱ्याची गाडी त्याच नकाशावर बोलावता येईल, असं त्याच्या डोक्यात शिरलंय. दोघं तयार आहेत. तिसऱ्याचा मेहुणा डबे विकतो, तिथे गाडं अडलंय.

तर मंडळी, एवढंच. मूर्तिजापूरला कोणाच्या आजोबांनी, पणजोबांनी गाठी चढवण्या-उतरवण्याचं काम केलं असेल, तर त्यांच्या आठवणी व्हॉइस नोट करून पाठवा. वऱ्हाडीतच बोला, मी लेखी करताना तशीच ठेवीन. पुढच्या भागात जलंब-खामगावची ती तेरा किलोमीटरची लाईन, तिच्यावर मी स्वतः बसून येणार आहे.